घडलं कुठं?

2009 साली सनद घेऊन मी पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात उभी राहिले, तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 177 मला तोंडपाठ होतं. गुन्हा ज्या न्यायालयाच्या स्थानिक हद्दीत घडला, सर्वसाधारणपणे त्याच न्यायालयात तो चालायचा. परीक्षेत यावर मी पानभर लिहिलं होतं. पण त्या आवारात इमारती किती, खोल्या किती, आणि प्रत्येक खोलीबाहेर बोर्डाच्या कागदाभोवती घोळका. त्यातल्या नेमक्या कुठल्या दारात उभं राहायचं, हे कलमात नव्हतं. सिनिअर सकाळी फाइल हातात देत आणि म्हणत, "तारीख घेऊन ये." कुठून, हे विचारायची मला लाज वाटे.

ती लाज ज्यांनी घालवली, ते माझ्या पक्षाचे नव्हतेच. ते एका पोलीस ठाण्याचे पैरवी हवालदार होते. दोषारोपपत्र दाखल करणं, समन्स-वॉरंटांचा हिशेब ठेवणं, साक्षीदार आला की नाही ते बघणं, सरकारी वकिलांच्या हाताशी कागद ठेवणं, ही त्यांची कामं. मी आरोपीची वकील, म्हणजे कागदोपत्री आम्ही समोरासमोरचे. सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. छापून आलेलं त्यांना आवडणार नाही.

मी एका जिन्याखाली फाइल चाळत उभी होते. ते म्हणाले, "काय शोधताय, ताई?"

"तीनशे एकोणऐंशीची केस आहे."

"चोरीच्या ढीगभर केसेस आहेत इथं. कलम राहू द्या. घडलं कुठं?"

मला गल्लीचं नाव माहीत होतं, ठाण्याचं नव्हतं. त्यांनी फाइल घेतली, प्रथम खबरीच्या माथ्यावरचं ठाण्याचं नाव आणि गुन्हा रजिस्टर नंबर बोटानं दाखवला आणि खिशातून एका सहकारी बँकेची जुनी डायरी काढली. डाव्या पानावर शहरातली ठाणी, उजव्या पानावर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टाचा नंबर, मजला आणि खोली. सगळं पेन्सिलनं लिहिलेलं. कोणत्या दंडाधिकाऱ्यांकडे कुठली ठाणी, ही विभागणी मुख्य न्यायदंडाधिकारी करतात. बदल्या झाल्या की ती हलते. म्हणून पेन्सिल आणि पानापानावर खोडरबरानं काळवंडलेल्या जागा. मी ती डायरी उतरवून घेऊ लागले तर म्हणाले, "पेन नका वापरू."

लॉ कॉलेजात मी हद्दीचा कायदा शिकले. हद्द कशी शोधायची, ते त्या डायरीपासून शिकत गेले. पुण्यात तरी सगळं शिवाजीनगरला असतं असं मला वाटे. लष्कर कोर्ट वेगळं, खडकीचं वेगळं, पिंपरीचं वेगळं, हे मला काकांनी सांगितलं. ग्रामीणची ठाणी आपापल्या तालुक्याच्या कोर्टाला जोडलेली. आणि खुनासारखा गुन्हा असेल तर दोषारोपपत्र आधी दंडाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून केस सत्र न्यायालयाकडे कमिट होते आणि तिला नवा नंबर पडतो. जुना नंबर घेऊन नातेवाईक जुन्याच खोलीबाहेर बसून राहतात. त्यांना उठवून योग्य मजल्यावर पाठवणं हे काकांच्या कामात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

एक बाई मला आठवतात. मुलाला मावळातल्या एका गुन्ह्यात पुण्यात पकडलं होतं, तेही रविवारी. अटकेनंतर 24 तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, जवळच्या दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं. संविधानाच्या अनुच्छेद 22 मध्येच ते आहे. म्हणून सुट्टीच्या कोर्टात रिमांड पुण्यात झाली. मुलगा इथे दिसला म्हणून केसही इथेच असणार, असं धरून बाई बोर्ड वाचून घ्यायला दिसेल त्याला थांबवत होत्या. मलाही थांबवलं. मी बोर्ड वाचला, नाव नव्हतं, तसं सांगून निघणार होते. काकांनी हाक मारली.

"मावशी, रविवार होता म्हणून पोराला इथं उभं केलं. केस वडगाव मावळला. इथूनच लोणावळा लोकल धरा, वडगावला उतरा." चिठ्ठीवर ठाणं, गुन्हा नंबर आणि कोर्टाचं नाव मोठ्या अक्षरात लिहून दिलं. मग माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, "नाही म्हणून सांगितलं, की कुठं आहे तेही सांगायचं."

रागावून नव्हे, अगदी सहज. पण त्यानंतर कुणाला नुसतं "इथे नाही" म्हणताना माझी जीभ अडखळते.

सगळ्यात मोठं ऋण मात्र वेगळ्याच प्रकरणातलं. सासरच्या छळाला कंटाळून एक मुलगी माहेरी पुण्यात आली होती. सासर मराठवाड्यात. ती जिथे गेली तिथे तिला ऐकवलं गेलं, छळ तिकडे झाला, तक्रार तिकडे द्या. तेव्हा यावर निरनिराळ्या न्यायालयांचे निकाल निरनिराळे होते, आणि मी तिला जवळजवळ हेच सांगणार होते. सहज काकांपाशी विषय काढला. ते पोलीस, मला वाटलं, तेही हद्दीचं कारण देतील. त्यांनी विचारलं, "माहेरी आल्यावर काही झालं का?"

मी मुलीला विचारलं. फोन येत होते. पैसे आणल्याशिवाय पाऊल टाकू नकोस, टाकलंस तर बघ, असे. दीर एकदा घरी येऊनही धमकावून गेला होता. माझ्या पहिल्या टिपणात यातलं काहीच नव्हतं, कारण मी तिला फक्त सासरचं विचारलं होतं.

"मग थोडं इथंही घडलंच की," काका म्हणाले.

कलम 178 हेच सांगतं: गुन्ह्याचा काही भाग एका हद्दीत आणि काही दुसऱ्या हद्दीत घडला, किंवा गुन्हा चालूच राहिला, तर त्यांतल्या कुठल्याही न्यायालयात तो चालू शकतो. कलम मला येत होतं, प्रश्न येत नव्हता. तक्रार पुण्यात नोंदली गेली. पुढे एप्रिल 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रूपाली देवी प्रकरणात स्पष्ट केलं, की छळामुळे घर सोडून स्त्री जिथे आश्रय घेते, तिथल्या न्यायालयालाही परिस्थितीनुसार अधिकार असतो. तो निकाल वाचताना मला ती मुलगी आठवली आणि काकाही.

चेक न वटल्याच्या केसेस खासगी तक्रारीच्या. त्यांचा पोलिसांशी संबंध नाही, तरी त्या काळातला गोंधळ काकांनी माझ्याइतकाच पाहिला. 1 ऑगस्ट 2014 ला दशरथ रूपसिंग राठोड प्रकरणाचा निकाल आला: चेक ज्या बँकेवर काढला, तिची शाखा जिथे, तिथेच केस. साक्षीपुराव्याच्या टप्प्याला न पोहोचलेल्या तक्रारी परत मिळू लागल्या. पुण्याचा लहान व्यापारी, चेक परराज्यातल्या शाखेचा. थोड्या रकमेसाठी तिकडे वकील लावायचा कुणी? 2015 मध्ये कायदाच दुरुस्त झाला आणि घेणाऱ्याने चेक खात्यात भरला असेल तर त्याचं खातं ज्या शाखेत, तिथे केस, असं ठरलं. फायलींचे गठ्ठे उलट फिरले. माझ्या मते राठोड निकालाचा हेतू चांगला होता, पण भार चुकीच्या खांद्यावर पडला. त्या दिवसांत प्रत्येक अशिलाला मी आधी चेकवरच्या आणि खात्याच्या शाखा विचारत होते. ती सवय कुणामुळे लागली, हे वेगळं सांगायला नको.

काका 2017 मध्ये निवृत्त होऊन गावी गेले. पुढच्याच वर्षी, 15 ऑगस्टला पिंपरी-चिंचवड आयुक्तालय सुरू झालं आणि चाकण, तळेगावसारखी ग्रामीणची ठाणी तिकडे गेली. चाकणच्या एका अशिलाने विचारलं, आता केस पिंपरीला का? मी काकांना फोन लावला. ते म्हणाले, "साहेब बदलले, तालुका कुठं बदललाय?" केस राजगुरुनगरलाच, खेडच्या कोर्टात. पोलिसांची रचना गृहखातं बदलतं. कोर्टाची हद्द त्या आदेशाने आपोआप बदलत नाही. हा फरक कळायला मला तेव्हा नऊ वर्षांच्या वकिलीनंतरही फोन करावा लागला.

1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. 177 चं 197 झालं, 178 चं 198. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने खबर नोंदवून घ्यावी, हे आता कलम 173 मध्येच आहे. आधी ज्याला झिरोने नोंद म्हणत, तेच. आता ई-कोर्ट्सच्या ॲपवर गुन्हा नंबर आणि ठाणं टाकून केस शोधता येते. प्रत्येक केसला सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर असतो. तो हाती असला की खोली बदलो, न्यायाधीश बदलो, केस सापडते. हे काकांना सांगितलं तर ते खूश झाले. म्हणाले, बरं झालं, म्हाताऱ्यांचे जिने वाचले.

पण ॲपवर गुन्हा नंबर टाकायचा तर तो आधी माहीत हवा, आणि कोर्टाच्या दारात येणाऱ्या बहुतेकांना तोच माहीत नसतो. म्हणून काकांनी मला जे फुकट दिलं, ते इथे लिहून ठेवते. घरातल्या कुणावर गुन्हा दाखल झाला किंवा तुम्ही फिर्यादी असाल, तर कलमाच्या आधी ठाण्याचं नाव, गुन्हा नंबर आणि वर्ष लिहून घ्या. फिर्यादीला प्रथम खबरीची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्या. रिमांड जिथे झाली तिथेच केस चालेल असं धरून चालू नका. समन्स आलं तर माथ्यावरचं कोर्टाचं नाव आधी वाचा, मग तारीख. आणि तरीही सापडलं नाही, तर आपल्या ठाण्याचा पैरवी अंमलदार कोण ते विचारा. तो विरुद्ध बाजूचा आहे म्हणून बिचकू नका.