दांडीचा काळा कातळ

बोईसर स्टेशनावरून पश्चिमेस समुद्राकडे गेलें कीं दांडी गांव लागतें. मिठाच्या सत्याग्रहाची दांडी ती गुजराथेंतली. ही आमच्या पालघर जिल्ह्यांतली. ओहोटीच्या वेळीं तेथल्या काळ्या कातळावर आम्ही बसलों असतां नातवानें परीक्षा घेतली, "आजोबा, हा दगड काळा कां?" शाळेंत तीस वर्षें दिलेलें उत्तरच तोंडून निघालें, "अग्नीनें भाजला म्हणून." कॉलेजांत भूगर्भशास्त्र शिकणारा तो मुलगा हंसला व त्यानें भिंग आमच्या हातीं दिलें.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा हा दगड, सह्याद्रीही त्याचाच. त्यांतले फिकट कण फेल्स्पारचे, काळपट-हिरवे पायरॉक्सीनचे. पायरॉक्सीन हें एक खनिज नसून खनिजांचें कूळ आहे; येथलें तें मुख्यतः ऑगाइट. त्यांतील लोहानें दगड काळा, आणि तेंच लोह हवापाण्यानें गंजलें कीं माती तांबडी! भाजण्याचा संबंध नाहीं.

नांवाची कथा तर मौजेची. 1796 सालीं आउई नामक फ्रेंच पाद्री-शास्त्रज्ञानें, हे स्फटिक लाव्ह्यांत बाहेरून येऊन अडकले असावेत अशा समजुतीनें, त्यांस ग्रीक भाषेंत 'अग्नीला परका' म्हटलें. वस्तुतः त्यांचा जन्म त्या तप्त रसांतलाच. 'परका' या अर्थाच्या त्या ग्रीक शब्दाचा दुसरा अर्थ अतिथि. आणि ऋग्वेदांत अग्नीलाच अतिथि म्हटलें आहे! चूक उघड झाली, नांव मात्र टिकलें.

आमचे विद्यार्थी आतां पन्नाशीला आले. परततांना त्यांतल्या एकाचें घर वाटेवर लागलें. आंत जाऊन, चहा घेण्यापूर्वींच, उत्तर दुरुस्त केलें.