सुळका दिसतो, सुळका लपतो

कर्जतहून आंबिवलीकडे निघालं की पेठचा किल्ला लांबूनच ओळखू येतो. कागदोपत्री त्याचं नाव कोथळीगड. नजरेला दिसतो तो पठारावर एकटाच उभा असलेला सुळका. आंबिवलीतून चढण सुरू झाली की पुढची धार आड येते आणि सुळका नाहीसा होतो. पेठ गावाच्या पठारावर पाय ठेवला की तो पुन्हा समोर उभा, आता कितीतरी मोठा. बुंध्याशी पोचल्यावर कळतं की माथ्याची वाट डोंगराच्या पोटातून आहे. भैरोबाच्या गुहेपासून जवळच सुळका आतून कोरून पायऱ्या काढल्या आहेत आणि त्या थेट वर निघतात.

व्हिडिओ गेमची जगं मांडणाऱ्यांना या धंद्यात लेव्हल डिझायनर म्हणतात. हेच काम करणाऱ्या प्रस्तुत लेखकाला पेठच्या वाटेवर आपल्या कलेचा जवळजवळ सगळा अभ्यासक्रम सापडतो. लांबून काय दाखवायचं, मध्येच काय झाकायचं, पुन्हा दाखवताना ते किती जवळ आणायचं, आणि पोचलेल्या माणसाला कोणता धक्का द्यायचा, हे सगळं त्या एका चढणीत आहे.

या कलेचा अलीकडचा सर्वांत चर्चिला गेलेला नमुना म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीचा ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’. तो ३ मार्च २०१७ रोजी बाजारात आला. हा ‘ओपन वर्ल्ड’ जातीचा खेळ आहे. यात एकामागून एक ठरलेल्या खोल्या नसतात. एक सलग मुलूख असतो आणि कुठून कुठे जायचं ते खेळणारा ठरवतो. हायरूल नावाच्या या काल्पनिक राज्यात लिंक हा नायक एका उंच पठारावर जागा होतो. तिथून शत्रूने वेढलेला राजवाडा दिसतो, ज्वालामुखी दिसतो, दोन शकलं झालेला डोंगर दिसतो. पठार सोडण्याची परवानगी मिळाली की खेळणाऱ्याने थेट राजवाड्यात घुसून शेवटची लढाई लढायला हरकत नाही. एवढं स्वातंत्र्य देऊनही माणूस भरकटत नाही, कारण जमीनच त्याला बोलावत राहते.

हे कसं साधलं ते निर्मात्यांनी त्याच वर्षी जपानमधल्या सेडेक परिषदेत उलगडून सांगितलं. सुरुवातीच्या चाचण्यांत खेळणारे एका मनोऱ्यावरून दुसऱ्या मनोऱ्याकडे सरळ रेषेत चालत राहिले आणि आपल्याला कोणी तरी हाकत नेतंय असं त्यांना वाटू लागलं. मग जमिनीची मांडणी त्रिकोणांवर बेतली गेली. मोठा त्रिकोण म्हणजे लांबून खुणावणारा डोंगर. मधला त्रिकोण म्हणजे मागचं काही तरी झाकून ठेवणारी टेकडी. लहान त्रिकोण म्हणजे चालीला लय देणारे दगड आणि उंचवटे. टेकडी आली की ती ओलांडायची की वळसा घालायचा हा निर्णय चालणाऱ्याचा, आणि दोन्ही वाटांवर दिसणारं दृश्य वेगळं. पेठची धार सुळका झाकते तेव्हा ती हेच काम करत असते.

या जमिनीला आणखी एक आधार आहे. दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी क्योटोचे. हायरूलमध्ये कशापासून काय किती लांब असावं याचा अंदाज घेण्यासाठी त्यांनी आपल्या ओळखीच्या क्योटोचा नकाशा खेळाच्या नकाशावर ठेवून पाहिला. अमुक देवळापासून तमुक पुलापर्यंत चालायला किती वेळ लागतो हे ज्याच्या पायांना माहीत आहे, त्याला पडद्यावरचं अंतर खोटं वाटत नाही. या मालिकेचा पहिला खेळ १९८६चा. त्याचे निर्माते शिगेरू मियामोतो लहानपणी क्योटोजवळच्या सोनोबे गावाभोवतीची रानं आणि गुहा धुंडाळत फिरत. त्या भटकंतीतून हा खेळ सुचला असं ते सांगत आले आहेत. जगभर खेळली जाणारी ही अद्भुतकथा मुळात एका तालुक्याएवढ्या मुलखातून उगवली.

जमीन मांडण्यात हा खेळ फार मोठा आहे. त्याची उणी बाजू पाहायची तर आधी पाऊस घ्यावा, कारण खेळणाऱ्यांची बरीच कुरकुर त्याबद्दल आहे.

हायरूलमध्ये जवळपास कुठलाही कडा चढता येतो. दमसास दाखवणारं हिरवं वर्तुळ रिकामं होईपर्यंत लिंक हात-पाय रोवत वर जातो. पाऊस लागला की कातळ ओला होतो आणि तो थोडं चढून पुन्हा घसरतो. खेळणारे वैतागतात आणि एखाद्या आडोशाला शेकोटी पेटवून पाऊस थांबायची वाट बघतात. १२ मे २०२३ रोजी आलेल्या ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ या पुढच्या भागात निर्मात्यांनी घसरण कमी करणारं चिकट औषध दिलं, बेडकाच्या रूपाचा पोशाखही दिला.

कर्जतच्या भटक्याला मात्र या तक्रारीत अर्धंच तथ्य वाटेल. सांडशीच्या बाजूने ढाकच्या बहिरीला जाणारी वाट शेवटी उभ्या कड्यावर येते. उन्हाळ्यातही तिथे खोबणीत बोटं रोवून, कड्याला छाती लावून सरकावं लागतं. जूननंतर त्या कातळावर शेवाळ धरतं आणि जाणता माणूस तिकडे फिरकत नाही. पाऊस चढाई बंद करतो हा नियम खरा आहे, तो मांडणाऱ्यांनी धीटपणा दाखवला. त्यांचा पाऊस तसा निष्क्रियही नाही: पावलांचा आवाज दबतो, आग विझते, पाठीवर धातूचं हत्यार असेल तर वीज अंगावर येते. कमी पडतं ते जमिनीचं उत्तर. सह्याद्रीत पाऊस एक वाट बुजवतो तेव्हा सगळा मुलूखच बदलतो. उन्हाळ्यात चढायला सोपी असलेली नाळ धबधबा होते, उल्हास आणि पेज नद्यांचे उतार बंद होतात, धुक्यात सुळका दिसेनासा झाला की माणूस पाण्याच्या आवाजावरून दिशा धरतो. हायरूलमध्ये तासभर कोसळूनही नदी तशीच वाहते. तिथला पाऊस हातांना अडवतो, नकाशाला स्पर्श करत नाही.

१९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. इथला पाऊस वस्तीच्या जिवाशी जोडलेला आहे. खेळात तो आणायचा तर त्या वजनासह आणायला हवा.

दुसरी उणीव पुनरावृत्तीची. हायरूलमध्ये १२० लहान मंदिरं आहेत, त्यांत कोडी सोडवायची. आणि दगडाखाली, झाडाच्या शेंड्यावर, तळ्याच्या काठी लपलेली कोरोक नावाच्या वनवासी जीवांची ९०० बीजं आहेत. पहिल्या वीस-तीस तासांत प्रत्येक वळणावर काही तरी हाती लागतं आणि कुतूहल वाढत जातं. पुढे मंदिराचं दार दिसलं की आत तोच निळसर दगड असणार हे ठाऊक झालेलं असतं. शत्रूंच्या जातीही मोजक्याच. मारलेले शत्रू रक्तचंद्राच्या रात्री पुन्हा जागच्या जागी उभे राहतात. खेळणाऱ्याने केलेल्या पराक्रमाची आठवण जमीन ठेवत नाही.

तिसरी उणीव या सगळ्या जातीच्या खेळांची आहे आणि तीच सर्वांत खोल आहे. ओपन वर्ल्ड म्हणजे घेत सुटणं. पेटी उघडा, मडकं फोडा, झाड हलवा, जे मिळेल ते पिशवीत टाका. हायरूलमध्ये कोणाच्याही घरात शिरून मडकी फोडली तरी घरमालक ब्र काढत नाही. ढाकच्या बहिरीच्या गुहेत उलटा रिवाज आहे. तिथल्या पाण्याच्या टाक्यात भांडी ठेवलेली असतात. ती काढावीत, स्वयंपाक करावा, घासून पुन्हा पाण्यात ठेवावीत. घरी न्यायची नाहीत. महाराष्ट्रात कितीतरी गडांवर आणि तळ्यांवर अशा भांड्यांच्या गोष्टी सांगतात: लग्नकार्याला देव भांडी देई, एकाने परत केली नाहीत आणि तेव्हापासून ती मिळेनाशी झाली. एका माणसाच्या लोभाचा परिणाम पुढच्या सगळ्यांनी भोगायचा, हा अद्भुतकथेचा किती तयार नियम आहे! परत ठेवण्यावर उभा असलेला मोठा खेळ अजून तयार व्हायचा आहे, आणि त्याचं कथाबीज कर्जत तालुक्याच्या हद्दीवर पडलेलं आहे.

सह्याद्री एका मोठ्या खेळात येऊन गेला आहे. नॉटी डॉग या अमेरिकन स्टुडिओच्या ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ (ऑगस्ट २०१७) या साहसी खेळातल्या चौथ्या प्रकरणाचं नावच ‘वेस्टर्न घाट्स’ आहे. क्लोई फ्रेझर आणि नदीन रॉस या दोघी गणपतीचा दात शोधत होयसळांच्या भग्न नगरीत येतात. मालिकेतल्या आधीच्या भागांच्या मानाने हे प्रकरण बरंच मोकळं आहे: जीपने हवं तिकडे जावं, मनोऱ्यावर चढून मुलूख न्याहाळावा, क्लोई हातातल्या कागदी नकाशावर स्वतः खुणा करते. तांबडी माती, हिरवळ, ओघळणारं पाणी यांवर कलाकारांनी जीव ओतला आहे. पण त्या विस्तीर्ण मुलखात बंदूकधारी सोडून कोणी राहत नाही. गुरं नाहीत, शेत नाही, ठाकरवाडी नाही, पाण्याला आलेली बाई नाही. घाटातली प्रत्येक पायवाट कोणाच्या तरी पायांनी, गुरांच्या खुरांनी मळलेली असते. माणसंच नसतील तर त्या वाटा पडल्या कशा, हा प्रश्न इथल्या माणसाला लगेच पडतो.

जमीन आणि ती जाणणारी माणसं एकत्र आली की काय होतं ते खालापूर तालुक्यातल्या उंबरखिंडीने दाखवलं आहे. फेब्रुवारी १६६१मध्ये शाहिस्तेखानाने पाठवलेला कारतलबखान फौज घेऊन लोणावळ्याच्या अंगाने घाट उतरला. चावणीजवळच्या अरुंद, दाट रानाच्या खिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला पुढून आणि मागून कोंडलं. बरोबर असलेल्या रायबागनने शरण जाण्याचा सल्ला दिला आणि खान सामानसुमान टाकून सुटला. हायरूलचे शत्रू तळ ठोकून खेळणारा येण्याची वाट बघत बसतात. उंबरखिंडीत वाट बघणाऱ्याला प्रत्येक झाड माहीत होतं, आणि फौजेने कुठून उतरावं याचा हिशेब त्याने आधीच केलेला होता. शत्रूच्या डोक्यात नकाशा घालणं हे लेव्हल डिझाइनचं अवघड आणि अजून फारसं न झालेलं काम आहे.

आपल्याकडचा प्रयत्न कुठवर आला आहे? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ ऑगस्ट २०२०मध्ये निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर आला. असुरांनी पळवून नेलेल्या भावाला शोधणारी मुलगी, राजस्थानी धाटणीच्या हवेल्या, छायाबाहुल्यांतून उलगडणारी पुराणकथा, दुर्गा आणि विष्णू यांचं निवेदन: अद्भुताची सामग्री इथल्याच मातीतून घेऊन मोजक्या माणसांनी हे उभं केलं. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळासाठी त्याला नामांकन मिळालं. समीक्षकांनी दृश्यकलेचं कौतुक केलं आणि लढाईतला बोजडपणा, हलवता न येणारा कॅमेरा, थोडक्यात व अचानक होणारा शेवट यांवर बोट ठेवलं. ‘राजी’ ओपन वर्ल्ड नाही. वाट आखलेली आहे. तेवढ्या बळावर ते शहाणपणाचंच होतं, कारण मोकळ्या मुलखाचा प्रत्येक कोपरा भरायला फार माणसं आणि फार वर्षं लागतात. ‘राजी’ने कथा आणि चित्र आपलं असू शकतं हे सिद्ध केलं. जमीन आपली असण्याचं काम राहिलं आहे.

त्या कामाची पहिली पायरी आज कोणालाही परवडते. फेब्रुवारी २०००मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने रडारने पृथ्वीच्या बहुतेक भूभागाच्या उंचीची मोजणी केली. सुमारे ३० मीटरला एक अशी ती माहिती फुकट मिळते. तिचा करड्या रंगाचा नकाशा अनरियलसारख्या गेम इंजिनमध्ये टाकला की कर्जतपासून राजमाचीपर्यंतचा मुलूख पडद्यावर उभा राहतो, आणि तिथेच खरी अडचण दिसते. पेठचा सुळका तीस मीटरच्या चाळणीत बोथट होऊन टेकाड बनतो. शिवाय असा नकाशा प्रत्येक ठिकाणी एकच उंची धरू शकतो. डोंगराच्या पोटातल्या पायऱ्या, इर्शाळगडाचं नेढं, ढाकची गुहा यांना त्यात जागाच नाही. ते सगळं हाताने, वेगळ्या आकृत्या घडवून बसवावं लागतं. उपग्रह आणि यानं डोंगराची पाठ देतात. पोट चालत जाऊन बघावं लागतं.

राजमाचीखाली, कोंदिवड्यापासून रानातून जाणाऱ्या वाटेवर कोंढाण्याची बौद्ध लेणी आहेत. लाकडी कामाची नक्कल कातळात केलेला तिथला चैत्य इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपासचा. तिथल्या ब्राह्मी लेखात कान्हाचा शिष्य बलक याने हे घडवल्याची नोंद आहे. धबधब्यापलीकडच्या भिंतीवर कारागिराचं नाव सापडणं हे ९०० बीजांपेक्षा मोठं बक्षीस आहे, कारण ते एकच आहे आणि त्यामागे माणूस आहे.

‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ जमीन बोलती करण्यात आजही पहिल्या रांगेत आहे; माणसं, आठवण आणि परतफेड या तिन्हींत तो मागे आहे. ही मागे राहिलेली जागा मराठी मुलामुलींना भरून काढता येईल. गेम डिझाइन शिकणाऱ्यांनी उंचीचा नकाशा उतरवून घेण्याआधी पेठ, कोंढाणे आणि उंबरखिंड पायी बघावी, एकदा ऑक्टोबरात आणि एकदा मेमध्ये. वाडीतल्या माणसाला वाट विचारावी, तो सांगेल ते टिपून घ्यावं, आणि खेळ तयार झाला की श्रेयनामावलीत त्याचं नाव घालावं.