ह्यांची दोन दारांची हौस

मैत्रिणींनो, जुनी गाडी कशी निवडावी यावर मी लिहायला बसले आहे, हे आमच्या सांगलीच्या वहिनींना कळलं तर त्या पोट धरधरून हसतील. हसू देत. यातली निम्मी अक्कल त्यांचीच आहे. ती कशी, ते पुढे येईलच.

आम्ही १९९४ साली सांगली सोडून इंग्लंडात आलो आणि तेव्हापासून लंडनच्या पश्चिमेला रेडिंग गावात राहतो. आमचे हे गेल्या वर्षी निवृत्त झाले. मी त्याच्या आधीच, बावीस वर्षं एका शाळेचं स्वयंपाकघर सांभाळून, घरी बसले. इतक्या वर्षांत ह्यांनी स्वतःसाठी म्हणून काही मागितलेलं मला आठवत नाही. कोट फाटला तरी "अजून एक हिवाळा निघेल" म्हणणारा माणूस! पण एक वेड होतं. रस्त्यावरून दोन दारांची मर्सिडीज गेली, की बोलणं अर्धवट टाकून हे मान वळवून बघत राहायचे. इथे अशा मागे उतरत्या छपराच्या दोन दारी गाडीला कूपे म्हणतात. भाजीची पिशवी हातात आणि हे आपले फुटपाथवर उभे.

गेल्या हिवाळ्यात ह्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. बरे होऊन घरी आले आणि एका सकाळी चहाचा कप हातात धरून म्हणाले, "ती गाडी तेवढी राहून गेली गं." बस्स, एवढंच. तक्रार नाही की हट्ट नाही. मला मात्र त्या दिवशी पोळ्या लाटताना काही सुचेना.

शाळा सोडताना मला एकरकमी पैसे मिळाले होते. त्यांतले पाच हजार पौंड मी बाजूला काढले. आपले पाच लाखांच्या वर होतात. ह्यांना म्हटलं, "घ्या. पण निवडायला मी बरोबर येणार."

पाच लाखांत मर्सिडीज कशी, असं तुम्ही विचाराल. वीस वर्षं जुनी मिळते. आम्ही जी बघत होतो ती सीएलके, २००२ ते २००९ या काळात निघालेली. नवी होती तेव्हा तिच्या दुकानात शिरायची आमची छाती झाली नसती. अशा बड्या गाड्यांची किंमत वयाबरोबर झपाट्याने उतरते. पण त्यांच्या सुट्या भागांची किंमत काही उतरत नाही, हे कुणी सांगत नाही. गाडी चार हजारांची आणि दुरुस्तीचं बिल मात्र श्रीमंताघरचं! घराणं बुडालं तरी सुनेचा हात सैलच राहावा, तसं.

हे मला ठाऊक होतं, कारण एकदा आम्ही पोळलो होतो. १९९८ साली आमची पहिली गाडी घेतली तीही जुनीच. कुठली ते सांगत नाही. छत उघडायची, गाण्यांचं यंत्र झकास, चाकं चकचकीत. ह्यांनी छत उघडून दाखवलं आणि मीही खुळ्यासारखी हरखले. दोन महिन्यांनी भर पावसात मोटररस्त्याच्या कडेला ती बंद पडली. मागे तीन वर्षांची लेक तापाने फणफणलेली. दोन तास आम्ही तिला माझ्या शालीत गुंडाळून कठड्यापलीकडच्या ओल्या गवतावर उभे होतो, कारण इथे बंद गाडीत बसून राहणं धोक्याचं मानतात. लेक आज हॅरोला स्वतःच्या घरी नांदते आहे, देवाची कृपा. पण त्या उघडणाऱ्या छताचा मला तेव्हापासून रागच आहे. त्यानंतर सहा महिन्यांत मी गाडी चालवायला शिकले, ही त्यातली चांगली बाजू.

आधी कागदावरचं काम केलं, ते थोडक्यात सांगते. लेकीकडे जायचं म्हणजे लंडनच्या हद्दीत शिरावं लागतं. तिथे ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या भागांत जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात. डिझेलची गाडी साधारण २०१५ नंतरची असली तरच सुटते. पेट्रोलची २००६ च्या आसपासची असली तरी बहुधा चालते. म्हणजे पेट्रोलचीच बघायची. शिवाय मोठ्या इंजिनाच्या गाडीची नोंदणी २३ मार्च २००६ च्या आधीची असेल तर वर्षाचा कर चारशे पौंडांच्या वर, आणि त्या दिवसापासून पुढची असेल तर सातशेच्याही वर. गाडी तीच, इंजिन तेच, आणि तारखेपायी तीनशे पौंड जास्त! ह्यांना हे ठाऊक नव्हतं. मी शोधून काढलं म्हटल्यावर थोडे ओशाळले.

शेवटी दोन गाड्या उरल्या. दोन्ही सीएलके ३२०, दोन्ही २००४ सालच्या. एक चंदेरी आणि एक शेवाळी हिरवी.

चंदेरीत काय नव्हतं! काचेचं उघडणारं छत, नकाशाचा पडदा, उत्तम ध्वनियंत्रणा, अठरा इंची चाकं, आणि बटण दाबलं की गरम होणाऱ्या बैठका. पहिल्या मालकाने हे सगळं जादा पैसे भरून बसवून घेतलेलं. शेवाळीत यांतलं काही नाही. चार चाकं, इंजिन आणि नाकावर चांदणी. चंदेरीची किंमत साडेचार हजार, शेवाळीची चार हजार दोनशे. तीनशे पौंडांत एवढं सगळं मिळतंय म्हटल्यावर ह्यांचं मन कुठे गेलं असेल, ते सांगायला नकोच.

आधी चंदेरी बघायला गेलो. विकणारा गोड बोलणारा. गाडी दारात चालू करून ठेवलेली. हे आत बसले, दार लावलं, आणि मागून एक छोटा हात पुढे सरकून पट्टा ह्यांच्या खांद्याशी आला, जसा कुणी अदबीने उपरणं पुढे करावं. मग ह्यांनी चारी काचा खाली केल्या. या गाडीला पुढच्या आणि मागच्या काचेच्या मध्ये खांबच नाही, त्यामुळे काचा उतरल्या की सारी बाजू मोकळी होते, आपल्याकडच्या ओसरीसारखी. हे हसले. शस्त्रक्रियेनंतर असे हसलेले मी पहिल्यांदाच बघत होते.

आणि खरं सांगू? मीही शेजारच्या गरम बैठकीवर टेकले होते. माझी कंबर गेली पाच वर्षं दुखते. ती ऊब पाठीत चढली तेव्हा मला वाटलं, घेऊन टाकावी, कशाला चिकित्सा!

इथे वहिनी आठवल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर सांगलीत शिरला, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. पुढे त्यांतल्या काही धुऊन-पुसून, अत्तर फवारून विकल्या गेल्या. वहिनींच्या शेजाऱ्यांनी अशीच एक स्वस्तात घेतली आणि हात चोळत बसले. तेव्हापासून वहिनींच्या आळीतल्या बायकासुद्धा जुनी गाडी कशी बघायची ते जाणतात. मी निघताना फोनवर म्हणाल्या होत्या, "वन्सं, पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला डाग दिसतो. आणि पायाखालचा गालिचा उचला. वरून सगळेच पुसतात."

मी पट्टा ओढला. स्वच्छ होता. मग वाकून पायपुसणं बाजूला केलं, गालिच्याचा कोपरा उचलला आणि खाली हात घातला. बोटं ओली झाली. वासही आला, पावसाळ्यात न वाळलेल्या सतरंजीचा.

पूर नव्हता तो. उघडणाऱ्या छताच्या कडेने पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात. त्या पाल्याकचऱ्याने तुंबल्या की पाणी आत उतरतं आणि गालिच्याखाली मुरत राहतं. विजेच्या तारा आणि जोडण्यासुद्धा तिथेच असतात. म्हणजे जी चैन म्हणून बसवून घेतली, तिनेच घर ओलं केलं होतं.

मग मी इतरही बघायला लागले. चार चाकांवर चार निरनिराळ्या कंपन्यांचे टायर. अठरा इंची टायर महाग, म्हणून जेव्हा जो झिजला तेव्हा मिळेल तो स्वस्तातला घातलेला. नकाशाच्या पडद्यावरचे रस्ते तबकडीवरचे, जुनेपुराणे. माझ्या फोनमध्ये त्याहून ताजे आहेत. इंजिन आधीच गरम असल्यामुळे थंड असताना ते कसं सुरू होतं ते कळायला मार्गच नव्हता. "विचार करून कळवतो," म्हणून मी ह्यांना बाहेर काढलं.

परतताना हे काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तुला पहिल्यापासून नकोच होती." मैत्रिणींनो, एवढं लागलं ते! तीस-पस्तीस वर्षं घरात 'नको' म्हणायचं काम माझ्याकडेच आहे. सोफा नको, सहल नको, या महिन्यात नको. ते काम कुणी माझ्यावर सोपवलं नव्हतं, पण महिनाअखेर मलाच दिसायची ना. मी म्हटलं, "मला हवी होती. तुमच्यापेक्षा जास्त हवी होती. ती बैठक गरम होती हो." हे माझ्याकडे बघतच राहिले.

घरी आल्यावर मी फोन ह्यांच्या हातात दिला. इथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची सरकारमान्य तपासणी होते, एमओटी म्हणतात. गाडीचा क्रमांक टाकला की सरकारी पानावर तिच्या सगळ्या तपासण्या फुकट वाचायला मिळतात: किती मैल चालली होती, कशात नापास झाली, काय बजावलं. आपल्याकडेही हल्ली सरकारी अ‍ॅपवर क्रमांकावरून नोंदणीची माहिती मिळते. पण ही म्हणजे गाडीची संपूर्ण पत्रिका, आणि तीही खोटी न मांडता येणारी.

चंदेरी कधी नापास नव्हती. हे म्हणाले, "बघ!" मी म्हटलं, खालचं बारीक वाचा. सलग चार वर्षं तीच सूचना: मागची लोखंडी चौकट गंजते आहे, इंजिनाखाली तेल ठिबकतं आहे. चारही वर्षं कुणी हात लावलेला नाही. शेवाळी मात्र २०१९ मध्ये चक्क नापास झालेली, पुढची स्प्रिंग तुटली म्हणून. चौथ्या दिवशी पास. त्यानंतरच्या प्रत्येक वर्षी जी सूचना, ती पुढच्या वर्षी गायब. नापास होणं वाईट नाही हो. चार वर्षं एकच रडगाणं आणि कुणी न ऐकणं, हे वाईट. ह्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि मुकाट्याने स्वतःच शेवाळीवाल्यांना फोन केला.

ती एका विधवा बाईंची. गाडी नवऱ्याची, दोन वर्षांपूर्वी वारलेल्या. आम्ही आधी सांगितलं होतं त्याप्रमाणे गाडी थंड ठेवलेली. मी बॉनेटवर हात ठेवून बघितला. किल्ली फिरवताच एका दमात सुरू झाली. बाईंनी आतून एक जाड फाइल आणली. प्रत्येक बिल तारखेवार. या गाडीच्या आपोआप गिअर बदलणाऱ्या पेटीतलं तेल कधी बदलावं लागत नाही, असं आधी कंपनीच सांगत असे, पुढे बदला म्हणू लागली. त्या गृहस्थांनी ते दोनदा बदललं होतं. टायर चारही एका जातीचे. गालिच्याखाली कोरडं खडखडीत. ओळखीच्या गॅरेजवाल्याला ऐंशी पौंड देऊन गाडी वर उचलून खालून बघायला लावली. तो म्हणाला, हिची चौकट नीट आहे. चंदेरीच्या सूचना त्याला दाखवल्या, तर नवी चौकट घालायचा खर्च त्याने हजार पौंडांच्या वर सांगितला.

रंगावरून हे थोडे नाराज होते. "शेवाळी म्हणजे अगदीच..." मी म्हटलं, आत बसल्यावर रंग दिसतो का? आणि पट्टा देणारा हात हिलाही होता, मधला खांब हिलाही नव्हता. ती चैन जादा पैशांची नव्हती. गाडी घडवतानाच घडलेली होती.

चार हजारांना ठरली. पैसे मोजल्यावर बाईंनी फाइल माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तो यात रविवारी दुपारी नुसता बसायचा. चालवायचासुद्धा नाही." आम्ही तिघेही जरा वेळ काही बोललो नाही.

आता अडचणी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल सगळं गोडच लिहिते. दोन दारांतून नातवाला मागच्या खुर्चीत बसवायचं म्हणजे माझ्या कंबरेची परीक्षा, म्हणून त्याला आमच्या जुन्या लहान गाडीतूनच नेतो. पेट्रोल ही भरपूर पिते. दारं इतकी लांब आहेत की बाजारात दोन गाड्यांच्या मध्ये उभी केली तर मला तिरकं होऊन उतरावं लागतं.

आणि गरम बैठक? ह्यांनी पंचवीस पौंडांची एक गादी आणली. सिगारेट पेटवायच्या खोबणीत तिची वायर खुपसली की पाच मिनिटांत गरम होते. दिसायला अगदीच गबाळी, म्हणून मी तिला सांगलीहून आणलेल्या जुन्या सुती साडीची खोळ शिवली. परवा हॅरोला जाताना ह्यांनी गाडी सुरू करायच्या आधीच ती लावून ठेवली होती.