उरलेल्या गोळ्या

रात्री नऊचे ठोके पडले की मी एक गोळी घेतो. सरकारने 2004 च्या एप्रिलात एच. आय. व्ही.ची औषधे फुकट द्यायला आरंभ केला; मी 2007 पासून त्या रांगेत आहे. तपासणीत आता विषाणू सापडतसुद्धा नाही. डॉक्टर म्हणतात, "झकास!"

हा झकास माणूस तीन वर्षांमागे दिवाळीत अंथरुणातून उठेना. चकली तोंडात मातीसारखी लागे. वजन उतरले. मी म्हणे, वय झाले. (मनाच्या दुखण्याला आमच्या घरात दुसरे नावच नव्हते!)

एके दिवशी सौ.ने बाटली उपडी केली. महिनाअखेर ती रिकामी हवी. 11 गोळ्या उरल्या होत्या. असा खंड पडला की विषाणू पुन्हा माजतो, मग त्याच गोळीची मात्रा चालेनाशी होते, हे दोघांनाही पाठ. ती रागावली नाही. "उद्या मीही येते," एवढेच म्हणाली.

तिथल्या बाईंनी विचारले, "झोप लागते का? रडू येतं का?" इतक्या वर्षांत माझे रक्त पुष्कळांनी काढले, हे कोणी विचारले नव्हते. मला बोलता येईना. उत्तर सौ.नेच दिले.

नैराश्यावरची दुसरी गोळी वर्षभर घेतली. यंदा तिसऱ्यांदा चकली मागितली, तशी ती म्हणाली, "पुरे आता, रात्री खोकत बसाल."