हे चित्रपटात घडतं की पौडमध्ये?

विकिपीडियावर कच्चा लेख लिहायच्या जागेला मराठीत ‘धूळपाटी’ म्हणतात. पौडला एसटीची वाट बघत, मोबाइलवर, मी माझ्या धूळपाटीवर ‘मुळशी पॅटर्न’चा लेख लिहिला. प्रवीण तरडेंचा २०१८ चा चित्रपट: बाप जमीन विकतो, मुलगा गुंडगिरीत ओढला जातो. आमच्या तालुक्याचं नाव पडद्यावर आलं, तर लेखही आमच्यातल्याच कुणी लिहावा, असं वाटलं.

एका जुन्या संपादकांना वाचायला दिला. त्यांनी मुद्देच काढून पाठवले. कथानक फार लांबलंय, प्रत्येक मारामारी सांगू नका. ‘जबरदस्त अभिनय’ हे मत कोणाचं? समीक्षकाचं नाव आणि संदर्भ द्या, नाहीतर काढा. महेश मांजरेकरांनी २०२१ मध्ये केलेल्या ‘अंतिम’ या हिंदी रिमेकचा उल्लेख हवा. हे सगळं तासाभरात दुरुस्त केलं.

अडलो एका वाक्यावर. मी लिहिलं होतं, ‘जमिनीचे पैसे उडाले आणि मुळशीतली पोरं गुन्हेगारीकडे वळली.’ त्यांनी विचारलं, “हे चित्रपटात घडतं की पौडमध्ये? वाचकाला कळत नाही.”

राग आला. मी कळवलं, “दोन्हीकडे. आमचीही दोन एकर गेलीय.”

“मग तुमच्या घरातलं कोण वळलं?”

कोणीच नाही. त्या पैशातून ताईची इंजिनिअरिंगची फी भरली, घरावर स्लॅब पडला. दादा हिंजवडीला कंपनीची कॅब चालवतो. चित्रपटाची गोष्ट लिहिता लिहिता मी अख्ख्या तालुक्यालाच गुंड ठरवून बसलो होतो, तेही ज्ञानकोशात.

पार्श्वभूमी म्हणून मी १९२१ चा मुळशी सत्याग्रहही घातला होता: टाटांचं धरण, सेनापती बापट, पाण्याखाली गेलेली शेतं. त्यावर शेरा होता, ‘या चित्रपटाशी याचा संबंध कोणी जोडलाय? की तुम्हीच?’ मीच जोडला होता. काढला. तेव्हा जमिनी बळानं घेतल्या, आमच्या वेळी सही करून दिल्या. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. पण तो माझा विचार आहे, त्याची जागा अशा लेखात आहे.

आता तिथं एवढंच वाक्य उरलंय: ‘चित्रपटात नायकाचे वडील जमीन विकतात.’

आबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “बरोबर लिवलंय. आपलं नाव नाय ना त्यात?”

“नाही.”

“मग ऱ्हाऊ दे.”