जुना इंग्रजी गालिचा आणि काटोलची फरशी

इंग्लंडचा जुना लोकरी गालिचा थंड आणि ओलसर देशाच्या गरजेतून घडला. दगडी लाद्यांतून आणि फळ्यांच्या फटींतून वर येणारा गारठा अडवणे हे त्याचे पहिले काम, शोभा त्यानंतरची. विदर्भातल्या काटोलमध्ये ही गरज मार्गशीर्ष-पौषात काही आठवडेच भासते. वैशाखात पारा पंचेचाळिशीला टेकला की माणूस फरशीचा गारवा शोधतो आणि अंगाखाली चटईसुद्धा नको म्हणतो. तरीही संत्र्याचा आंबिया बहार चांगल्या भावाने गेला, घर बांधून झाले आणि बैठकीत एखादा जुना विलायती गालिचा असावा असे घरच्यांना वाटले, तर ती इच्छा मुळीच गैर नाही. फक्त ही वस्तू कोणत्या हवेतून आणि कोणाच्या हातून आली आहे, हे पैसे मोजण्यापूर्वी कळलेले बरे.

या गालिच्यांत सर्वांत मानाचे नाव ॲक्समिन्स्टरचे. डेव्हन परगण्यातल्या या लहानशा गावात थॉमस व्हिटी हा विणकर राहत होता. लंडनच्या चीपसाइड भागात त्याने एक प्रचंड तुर्की गालिचा पाहिला आणि एवढे अखंड विणकाम मागावर उतरते कसे, या प्रश्नाने त्याला घेरले. गावी परतून त्याने उभा माग रचला आणि १७५५ साली घरच्या मुलींच्या हातांनी पहिला मोठा गालिचा पुरा करून घेतला. पुढे असा गालिचा मागावरून उतरला की गावातल्या चर्चच्या घंटा वाजवल्या जात. १८२८ मध्ये कारखान्याला आग लागली, १८३५ मध्ये दिवाळे वाजले आणि माग विल्टन गावी गेले. हाताने एकेक गाठ मारलेला अस्सल ॲक्समिन्स्टर त्या गावात जेमतेम ऐंशी वर्षे विणला गेला. त्यातले उरलेले नमुने उमरावांच्या वाड्यांत आणि संग्रहालयांत आहेत. बाजारात आज ज्याला ॲक्समिन्स्टर म्हणतात तो बहुतेक वेळा यंत्रावरचा असतो. १८७६ च्या सुमारास अमेरिकेत निघालेल्या यंत्रमागाचे हक्क इंग्रज कारखानदारांनी विकत घेतले, आणि गावाचे नाव विणीच्या एका प्रकाराला कायमचे चिकटले. विक्रेता हे नाव घेतो तेव्हा तो खोटे बोलत असतोच असे नाही. पण गाठीचा की यंत्राचा, हे विचारायचे काम घेणाऱ्याचेच.

विल्टन आणि किडरमिन्स्टर ही गावे मानाने खालची, पण गृहस्थाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. किडरमिन्स्टरमध्ये १७३५ च्या सुमारास लव नसलेला, दोन पदरी, दोन्ही बाजूंनी वापरता येणारा लोकरी गालिचा विणू लागले. एका बाजूला लाल जमिनीवर हिरवी वेल असेल तर उलट बाजूला हिरव्या जमिनीवर लाल. याच गावात १७४९ मध्ये ब्रसेल्स पद्धतीचा माग आला. या विणीत लोकरीचे फासे तारेवर उभे राहतात. ते तसेच ठेवले की ब्रसेल्स, आणि कापून त्यांची मऊ लव केली की विल्टन. हे दोन्ही प्रकार २७ इंच, म्हणजे दीड हात रुंदीच्या पट्ट्यांत विणले जात आणि खोलीच्या मापाने शेजारी शेजारी शिवले जात. मोठ्या गालिच्याची पाठ पाहिली आणि दर दीड हातावर सरळ शिवण दिसली, तर तो या घराण्यातला समजावा. नक्षीत त्या जागी न लागणारे रंगीत धागे पाठीच्या पोटात लपून पुढे सरकतात, म्हणून चांगला विल्टन हातात घेतला की वजनदार लागतो.

अशी दीड हाताची पट्टी इंग्रजांच्या घरात जिन्यावरही अंथरली जाई. जुन्या जिन्याच्या पट्टीवर ठरावीक अंतराने आडवे विरळ पट्टे दिसतात: पायरीच्या कडेवर टाच पडून लव झिजलेली. घरधनीण शहाणी असेल तर ती पट्टी मधूनमधून काही इंच वर-खाली सरकवी, म्हणजे झीज एकाच जागी होत नसे. अशा पट्टीवर शेजारी शेजारी दोन पुसट पट्टे पडलेले असतात आणि ती इतरांपेक्षा बरीच जास्त टिकते. विक्रेते झिजलेली पट्टी स्वस्तात देतात. काटोलच्या घरांत जिना बहुधा बाहेरून किंवा अंगणातून असतो, पण भिंतीला लागून मांडी घालून बसायला दीड हाताची रुंदी नेमकी पुरते. पंगतीच्या पट्टीसारखी ती भिंतीकडेने अंथरली तर चार-पाच पाहुणे तिच्यावर बसू शकतात. तिचा इथला हा उपयोग तिच्या मूळच्या उपयोगापेक्षा सरस म्हणावा लागेल, कारण टाचांखाली झिजण्याऐवजी ती बसणाऱ्यांच्या कामी येते.

वाफेच्या यंत्राने हा सगळा धंदा पालटून टाकला. अमेरिकन संशोधक इरॅस्टस बिगेलो याने गालिच्याचा यंत्रमाग सिद्ध केला, हॅलिफॅक्सच्या क्रॉसली घराण्याने त्याचे हक्क घेतले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गालिचा मध्यमवर्गीय इंग्रजाच्या घरात पोचला. विल्यम मॉरिसने याच काळात, १८७९ च्या सुमारास, लंडनच्या हॅमरस्मिथ भागात पुन्हा हाताच्या गाठींचे गालिचे सुरू केले. त्याचे काम अप्रतिम आहे. पण त्याची किंमत कलाकृतीची असते आणि घरगुती खरेदीच्या विचारात ते येत नाही.

इंग्रजी गालिच्यात इंग्लंडबाहेरचे किती आहे, हे त्याचे धागे सुटे केले की कळते. हिंदुस्थानातली लोकर मुंबई आणि कराचीच्या बंदरांतून लिव्हरपूलच्या लिलावात जाई आणि तिथून गालिच्यांच्या कारखान्यांत. पाठीतला ताग बंगालचा. निळ्या रंगातली नीळ १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात येईपर्यंत मोठ्या प्रमाणावर बंगाल आणि बिहारमधली. उलट दिशेनेही वाहतूक होती. व्हिक्टोरिया राणीसाठी आग्र्याच्या तुरुंगात कैद्यांनी विणलेला अवाढव्य गालिचा विंडसरच्या राजवाड्यात वॉटर्लू दालनात आहे. पुण्याच्या येरवडा तुरुंगातही कैदी गालिचे विणत. या तुरुंगी मालावर सर्वांत कडक टीका केली ती जॉर्ज बर्डवुडने. १८३२ मध्ये बेळगावात जन्मलेला आणि मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीत राबलेला हा इंग्रज डॉक्टर हिंदुस्थानी कारागिरीचा मोठा जाणकार होता. १८८० मध्ये निघालेल्या ‘द इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया’ या ग्रंथात त्याने तक्रार मांडली की तुरुंगांच्या स्वस्त मालामुळे पिढीजात विणकर बुडाले आणि जुनी नक्षी बिघडली. त्याचे म्हणणे खरे होते. पण ज्या कैद्याने बिनमोबदल्यात दिवसामागून दिवस गाठी मारल्या, त्याच्या हाताचे काम त्यामुळे कमी ठरत नाही.

मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर, जुन्या बंगल्यातून आलेला ‘इंग्रजी’ म्हणून दाखवला जाणारा गालिचा मिर्झापूरचा, अमृतसरचा किंवा एखाद्या तुरुंगातला असण्याचा संभव म्हणूनच मोठा. तो कमी प्रतीचा असतो असे नव्हे. पण किंमत ज्याची त्याची द्यावी.

पारख पाठीवरून होते. हाताच्या गाठीचा गालिचा उलटा केला की नक्षी पाठीवरही तितकीच स्वच्छ दिसते आणि बोट फिरवले की गाठींच्या ओळी किंचित वाकड्या लागतात. यंत्राच्या गालिच्याची पाठ आखीव असते आणि तागाचे जाड धागे उठून दिसतात. पाठीवर कापड चिकटवलेले असेल आणि त्याखाली रबरासारखा डिंक लागला, तर तो विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. त्याला जुना म्हणून पैसे देऊ नयेत. नंतर लव दोन बोटांनी फाकवून मुळाशी पाहावे. खऱ्या जुन्या गालिच्यात मुळाशी रंग गडद असतो आणि टोकाकडे हळूहळू उतरत जातो. रसायनाने धुऊन जुनाट केलेल्या मालात हा उतार एकाएकी तुटतो. गडद तपकिरी भाग शेजारच्या रंगांपेक्षा खोलगट लागला तर तो दोष मानू नये: लोखंडाच्या क्षारांनी पक्का केलेला हा रंग लोकरीला आतून खातो, आणि त्याला बरीच वर्षे लागतात. जांभळ्या रंगावरूनही वय कळते. विल्यम पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा रंग १८५६ मध्ये शोधला. त्याआधीच्या कामात अशी भडक छटा सापडणार नाही. शंका असेल तर कडेचा एक सुटा धागा जाळावा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. कृत्रिम धागा वितळून त्याचा टणक मणी होतो.

कायद्याची बाजूही पाहावी लागते. पुराणवस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुराणवस्तू ठरू शकते, आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. काटोलमधून शिकून परदेशी स्थायिक झालेली मुले अनेक घरांत आहेत; इथे घेतलेला जुना गालिचा पुढे त्यांच्याकडे पाठवण्याचा बेत असेल तर तो आधीच सोडून द्यावा. इंग्लंडमधल्या लिलावात बोली लावणाऱ्याने हातोडा पडलेल्या रकमेवर लिलावघराची दलाली, जहाजाचे भाडे आणि जकात धरूनच हिशेब करावा. हे सगळे मिळून वस्तूच्या किमतीवर जाऊ शकते.

काटोलच्या हवेत लोकरीचे खरे वैरी दोन. पहिला कूलर. विदर्भात फाल्गुन सरता सरता खिडकीत कूलर चढतो आणि खोलीत ओली हवा भरते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश पाणी हाताला ओली न लागता पिऊन घेते. असा गालिचा काही आठवड्यांत कुबट वास धरतो, आणि पाठीतला ताग कुजू लागतो. दुसरा वैरी कसर. तिच्या अळ्या अंधारात, कपाटाखाली आणि सोफ्याच्या पायांमागे लव खातात. वरून गालिचा शाबूत दिसतो आणि उचलला की टक्कल पडलेले. डांबरगोळ्या आणि कडुनिंबाचा पाला यांवर पूर्ण भिस्त ठेवू नये. खरा उपाय हलवाहलव आणि उजेड. वर्षातून दोनदा गालिचा उन्हात पालथा घालावा, म्हणजे ऊन पाठीला लागेल आणि रंग उडणार नाहीत. खराट्याने झोडपू नये, मऊ केरसुणीने लवेच्या दिशेने झाडावे. खाली सुती सतरंजी घालावी आणि रोजचा फिनाइलचा पोछा त्याच्या कडेपासून लांब ठेवावा. जेवणाच्या खोलीत तर तो नकोच: हळद लोकरीला पक्का रंग देते, आणि सावजी रश्श्याचा एक थेंब शंभर वर्षांचे काम बिघडवतो.

म्हणून काटोलच्या घराने भारदस्त विल्टनच्या किंवा ॲक्समिन्स्टरच्या मागे न लागता लव नसलेला, उलटसुलट वापरता येणारा किडरमिन्स्टर शोधावा. तो झाडायला सोपा, घडीला हलका आणि इथल्या सतरंजीच्या सवयीला जवळचा. गरिबांच्या घरात वापरून वापरून फाटल्यामुळे तो कमी उरला आहे, हे खरे. पण मिळाला तर त्याची किंमत सहसा अवाच्या सवा नसते. तो न मिळाल्यास जिन्याची पट्टी घ्यावी. यांतले जे मिळेल ते दिवाळीला अंथरावे आणि होळीच्या आत उचलावे: लव असेल तर ती बाहेर ठेवून जाड नळीवर गुंडाळावे, जुन्या धोतरात बांधावे, प्लॅस्टिकमध्ये नव्हे, आणि जमिनीपासून उंच ठेवावे. पावसाळ्यात एकदा सोडून पाहावे. आणि जो विक्रेता पाठ उलटून दाखवायला तयार नसेल, त्याच्याकडचा गालिचा कितीही सुंदर दिसला तरी घेऊ नये.