जोत्याचा दाखला

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्या शहाण्या पुरुषाला चुना, वाळू, सुतार आणि व्याही एवढ्यांचाच अनुभव असला पाहिजे. बांधकाम परवानगी नावाची गोष्ट त्याच्या वाट्याला आलेली दिसत नाही. आली असती, तर त्या म्हणीत लग्नाला जागाच उरली नसती!

निवृत्त झाल्यावर मी अडीच गुंठ्यांच्या तुकड्यावर घर बांधायला काढले, तेव्हा विटांच्या आधी कागद रचावे लागले. सातबारा, मोजणीचा नकाशा, घराचे नकाशे. या नकाशांचे रंगसुद्धा ठरलेले. बांधायचे ते तांबडे, पाडायचे ते पिवळे, सांडपाण्याची वाट तांबड्या ठिपक्यांची. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम मात्र अर्जदाराशी प्रेमाने वागतो. साठ दिवसांत होय-नाही काहीच कळवले नाही, तर नियमांत बसणारा नकाशा मंजूर झाला असे मानावे, असे तो सांगतो. मौनं सम्मतिलक्षणम् ही वधूपरीक्षेतली सोय नगरपालिकेलाही लागू आहे, याची मला मोठी मौज वाटली.

आमच्या सौभाग्यवतींना मात्र मौज वाटली नाही. एकतीस वर्षे भाड्याच्या बिऱ्हाडांतून त्यांनी झोपाळ्याच्या पितळी कड्या सांभाळल्या होत्या. माहेरचा वाडा मोडला तेव्हा आईने दिलेल्या. दर बदलीला त्या कड्या जुन्या लुगड्यात बांधल्या जात आणि नव्या गावी तशाच माळ्यावर चढत. "आपलं घर झालं की लावू," हे ठरलेले वाक्य. आता आपले घर कागदावर उतरले, आणि शेजारच्या हद्दीपासून जे अंतर सोडायचे होते, त्यात नेमकी झोपाळ्याची जागा गेली.

"अहो, जमीन आपली, पैसे आपले, मग ही मोकळी जागा सोडायची तरी कुणासाठी?" त्यांनी विचारले.

"भिंत घ्या चार फूट बाहेर," मेव्हणे म्हणाले. "मागाहून दंड भरून टाकू. सगळेच करतात."

कुणासाठी, या प्रश्नाचे उत्तर जुन्या मुंबईत आहे. १८९६ साली तिथे प्लेग आला आणि उजेड-वारा नसलेल्या दाट वस्त्यांतून पसरला. त्यातून १८९८ साली मुंबईत सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष ओर यांनी १९१२ साली घरांतील उजेड आणि हवा या विषयावर व्याख्यान दिले. ट्रस्टचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम त्याच काळातला. खिडकीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेघ ओढली, तर ती साडेत्रेसष्ट अंशांहून चढी नसावी. सोप्या भाषेत, समोरची इमारत २० फूट उंच, तर मधे निदान १० फूट आकाश मोकळे. आज आकडे बदलले आहेत, गावोगाव निराळे आहेत. पण अंतर सोडण्यामागचा विचार तोच आहे.

हे सारे मी घरात सांगितले. दुसऱ्या दिवशी सौभाग्यवती एकट्याच जागेवर जाऊन आल्या. "शेजारच्या आजींची चुलीपुढची खिडकी बरोबर आपल्याकडेच आहे हो," एवढेच म्हणाल्या. भिंत नकाशाप्रमाणे आखली गेली. मेव्हणे दोन महिने फिरकले नाहीत.

परवानगी मिळाली म्हणजे सुटलो, असे नसते. काम जोत्यापर्यंत आले की पालिकेला कळवायचे आणि थांबायचे. भर उन्हात एक तरुण अभियंता आला. आमच्याकडे त्याला अजून ओव्हरसियरच म्हणतात. "सर, जरा टोक धरता?" म्हणून त्याने टेपचे एक टोक माझ्या हाती दिले आणि चारही हद्दींपासूनची अंतरे मोजली. मिस्त्री कमरेवर हात ठेवून उभे होते. "बोटभर फरक निघाला तर मजुरी घेणार नाही," म्हणाले. निघाला नाही.

तपासणी जोत्यावरच का, हे मला तेव्हा उमगले. चूक स्वस्तात सुधारण्याची ती शेवटची वेळ. भिंती चढल्या की तीच चूक पाडावी लागते. आणि माणसे राहायला आली की ती कुणालाच पाडवत नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळ येथे एक अनधिकृत इमारत कोसळली. थोड्याच महिन्यांत मजल्यावर मजले चढवले होते. ७४ माणसे गेली. त्यांत लहान मुलेही होती. तिथे जोत्याशी कुणी थांबले नव्हते.

शेवटी मिळते ते भोगवटा प्रमाणपत्र. नाव ऐकून गेल्या जन्मीचे काही फेडायचे राहिले आहे की काय, असे वाटते! पण घर मंजूर नकाशाप्रमाणे झाले असून राहायला हरकत नाही, असे सांगणारा कागद तोच. आमचा ट्रंकेत आहे. कड्याही तिथेच आहेत, लुगड्यात.

वाचकहो, फराळाची ताटे आवरली की एकदा आपापल्या इमारतीचे हे प्रमाणपत्र शोधा. कित्येक इमारतींना ते नसतेच. बांधणारा निघून जातो आणि निस्तरायचे राहणाऱ्यांना लागते. घरात सापडले नाही, तर सोसायटीच्या चिटणिसांना विचारा. कदाचित ते रागावतील. पण चकली पुढे करून विचारले, तर उत्तर मिळण्याचा संभव अधिक.